खालच्या फळीवरची वाइन

वाइनच्या दुकानात नोकरी करणारी ही बाई स्वतः घोटभरही पीत नसे. एप्रनच्या खिशातला चमचा काढायचा, चमचाभर वाइन जिभेवर घोळवायची आणि कागदी पेल्यात थुंकून टाकायची. त्या चमच्यावरून तिचं नाव पडलं चमचाताई. मालक म्हणायचे, "चमचे सगळ्यांच्याच हाताखाली असतात. आमचा चमचा तेवढा मलाच खडे बोल सुनावतो."

सवय जुनी होती. बावीस वर्षं त्या लहान मुलांच्या खोकल्याचं औषध बनवणाऱ्या कारखान्यात चव तपासायला होत्या. कडू किती, गोड किती, घशाखाली गेल्यावर मागे काय उरतं, हे त्यांच्या जिभेला बरोबर कळायचं. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांचं वय एकोणपन्नास. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, घरात त्या आणि सासूबाई अशा दोघीच. दोन रस्ते पलीकडच्या वाइनच्या दुकानाबाहेर 'माणूस पाहिजे' अशी पाटी दिसली, तशा त्या सरळ आत शिरल्या.

"वाइनमधलं काय कळतं तुम्हाला?" मालकांनी विचारलं.

"मला काही कळत नाही. जिभेला कळतं."

मालकांनी पाच पेले पुढे केले. त्यातल्या एकातली वाइन शिळी होती. चमचाताईंनी तो पेला नुसता हुंगून बाजूला सारला आणि नोकरी पक्की झाली.

दुकान लांबट आणि अरुंद होतं. महागाच्या बाटल्या दाराजवळ दिव्याखाली आडव्या पहुडलेल्या, मधल्या किमतीच्या छातीच्या उंचीवर, आणि स्वस्तातल्या, फिरकीच्या झाकणाच्या, पार खाली जमिनीलगतच्या फळीवर. त्यांची लेबलं वाचायची तर कमरेत वाकावं लागायचं. "ज्याचे गुडघे धड आहेत त्यालाच स्वस्त वाइन मिळते," असं चमचाताई म्हणायच्या. त्या फळीकडे त्यांचंही फारसं लक्ष नसे. लक्ष गेलं ते मास्तरांमुळे.

मास्तर म्हणजे निवृत्त झालेले भूमितीचे शिक्षक. शर्टाची वरची गुंडी लावलेली, यादीच्या कागदाची घडी काटकोनात घातलेली. एका सकाळी ते आले आणि काउंटरपाशी नुसतेच उभे राहिले.

"परवा नेलेली बाटली कशी निघाली?" चमचाताईंनी विचारलं.

"कडू," मास्तर म्हणाले. "बाटली चांगली होती हो. रस्सा कडू झाला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मागच्या वर्षी मास्तरांच्या बायकोचा उजवा हात लुळा पडला. जन्मभर स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. आता ती खुर्चीत बसायची आणि मास्तर ओट्यापाशी. कांदा, मटण आणि लाल वाइन घालून मंद आचेवर शिजवलेला रस्सा ही तिची खासियत होती. वाइन ती कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून आणायची. ते दुकान उठलं, आणि बाटलीचं नाव तिने कधी लक्षात ठेवलंच नव्हतं.

"तीनदा केला. तीनदा कडू. दर वेळी आधीपेक्षा महाग बाटली नेली. ती दोन घास खाते आणि चमचा खाली ठेवते. बोलत काही नाही, ताई. आमच्या संसारात ती जेवताना गप्प बसल्याचं मला आठवत नाही."

चमचाताई वरमल्या. तिसरी बाटली त्यांनीच हौसेने काढून दिली होती. 'चांगली द्या' म्हणाले, म्हणून लाकडी पिंपात तीन वर्षं मुरलेली दिली. पण ती त्यांनी थंडच चाखली होती. कारखान्यात तर प्रत्येक पाक उकळण्याआधी एकदा आणि उकळल्यावर एकदा तपासायच्या. इथे येऊन ती साधी गोष्ट त्या विसरल्या होत्या.

"मला गुरुवारपर्यंत वेळ द्या," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्या पिशवीत चार बाटल्या घेऊन घरी गेल्या. मास्तरांना दिली होती तसली एक, मधल्या फळीवरची जरा गोडसर, खालच्या फळीवरची एक, आणि वाटेत किराणा दुकानातून घेतलेली, 'स्वयंपाकासाठी' असं छापलेली. एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई टेबलाशी शब्दकोडं सोडवत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"चार बाटल्या आणि आपण दोघी. आधी सांगायचंस ना. मी दुपारी झोप काढली असती."

"आई, प्यायच्या नाहीत. आटवायच्या आहेत."

"मग तर फारच वाईट झालं."

चार लहान पातेल्यांत एकेक कप वाइन गेली. खिडक्या उघडल्या तरी घरभर वास सुटला. दोनदोन चमचे उरले तेव्हा दोघींनी बशांतून चव घेतली. स्वयंपाकाची म्हणवणारी म्हणजे नुसतं मीठ. सासूबाई म्हणाल्या, "समुद्रात पडल्यावर नाकातोंडात जातं ते हेच." गोडसर वाइनचा चिकट पाक झाला होता. महागाची, थंड असताना मखमलीसारखी लागलेली, आता जिभेला टाचणी लावल्यासारखी तुरट लागली. लाकडाचा वास आटून आटून नुसतं लाकूड उरलं होतं.

"पेन्सिल चघळल्यासारखं वाटतंय," सासूबाई म्हणाल्या.

खालच्या फळीवरची हलकी, कोवळी, बेताची आंबट होती. ती आटल्यावर पूर्ण पिकलेल्या फळासारखी लागली आणि मागे कडूपणा राहिला नाही. सासूबाईंनी पावाच्या तुकड्याने बशी पुसून घेतली आणि विचारलं, "ही आणखी आहे का?"

गुरुवारी मास्तरांच्या हातात ती बाटली ठेवली, तेव्हा ते किंमत पाहून बिचकले.

"ही तर सगळ्यात स्वस्त."

"मागच्या वेळी मी तुम्हाला चुकीची दिली. रश्श्याला मुरलेली वाइन नको, लाकडाचा वास नको, गोडवा नको. कांदा लाल झाला की अर्धी बाटली ओता, आणि कच्चा वास जाईपर्यंत पाणी घालू नका. उरलेली लहान बरणीत काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवा, आठवडाभर टिकेल."

मास्तरांनी एक, दोन, तीन असे आकडे घालून सगळं लिहून घेतलं.

शनिवारी ते आले तेव्हा वरची गुंडी लावायची राहिली होती.

"काय म्हणाल्या बाई?"

"म्हणाली, मीठ कमी आहे." मास्तरांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "मग म्हणाली, कांदा असा चिरतात का? मग वाटी पुढे केली आणि आणखी मागितला. दोन दिवस मला बोलणी बसतायत."

एवढ्यावर गोष्ट थांबायला हरकत नव्हती. पण पुढच्याच आठवड्यात मालकांनी ठरवलं, की खालची फळी रिकामी करून तिथे भेटवस्तूंचे खोके मांडायचे. चमचाताईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"खोका माणूस वर्षातून एकदा घेतो. रस्सा दर रविवारी होतो. तीन महिने ती फळी माझ्याकडे द्या."

"आणि नाही चालली तर?"

"तर खोके मी स्वतः पुसून लावीन."

मालकांनी मान डोलावली. चमचाताई रोज एक बाटली घरी नेऊन आटवू लागल्या. पसंत पडली तर तिच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवायच्या: 'मटणाला', 'मशरूमला', 'सूपमध्ये शेवटी दोन चमचे'. लोक वाकून वाचू लागले. चिठ्ठ्या वाचता वाचता अनोळखी माणसं एकमेकांना पाककृती सांगू लागली.

मध्ये एकदा फजिती झाली. ऐन सर्दीत, नाक चोंदलेलं असताना, त्यांनी एका पांढऱ्या वाइनला 'माशाला' अशी चिठ्ठी लावली. दोन दिवसांनी इस्पितळातली एक नर्स आली आणि शांतपणे म्हणाली, "ताई, माझ्या माशाचा मुरांबा झाला." चमचाताईंनी तिला दुसरी बाटली फुकट दिली आणि चिठ्ठी तिच्यासमोरच फाडली. त्या दिवसापासून सासूबाईंनी होकार दिल्याशिवाय एकही चिठ्ठी लागली नाही. सासूबाईंनी हे काम फार मनावर घेतलं. शब्दकोडं मागे पडलं. चार वाजले की त्या पाव कापून तयार असायच्या.

तीन महिने झाले, फळी चांगली चालली होती. एका सोमवारी मालक सुताराला घेऊन आले आणि ती सगळी फळी कमरेच्या उंचीवर चढवून घेतली. खाली खोके मांडले.

ती फळी बघायला मास्तरांची बायको स्वतः आली, डाव्या हातात काठी, मागे पिशवी सांभाळत मास्तर. तिने एकेक चिठ्ठी वाचली.

"या मशरूमच्या चिठ्ठीवर आच मंद ठेवा असं लिहायला हवं," ती म्हणाली. "आणि रविवारी जेवायला या. यांच्या हातचं खाऊन तुमचा गैरसमज नको व्हायला. मी सांगेन, तुम्ही करा."

रविवारी चमचाताई आणि सासूबाई दोघी गेल्या. स्वयंपाकघर चिंचोळं होतं, सगळं हाताशी. मास्तरांची बायको खुर्चीतून सांगत होती, चमचाताई करत होत्या आणि मास्तरांना दाराबाहेर उभं केलं होतं. कांद्याला पाऊण तास लागला. वाइन ओतली तशी वाफ उठली, आणि खुर्चीतली बाई डोळे मिटून म्हणाली, "आता थांबा. मी सांगेपर्यंत हात लावू नका."

वाइन हळूहळू आटू लागली. बाहेरच्या खोलीत सासूबाई मास्तरांना विचारत होत्या, तुमच्या पेशात चौकोनी माणसं फार भेटली असतील ना, आणि मास्तर मनापासून हसत होते. चमचाताई पातेल्यापाशी उभ्या राहिल्या. भूक सणसणून लागली होती. घाई मात्र कशाचीच नव्हती.