पलीकडच्या गावचा जावई

आमचं गाव तलावाच्या अलीकडे, दुसरं पलीकडे. माझ्या शिलाई मशीनवर वर्षभर दोन्ही गावांचे कपडे येतात. पण धान कापून झाला की रिकाम्या शेतात दोन गावांचा फुटबॉलचा सामना होतो, आणि त्या आठवड्यात पलीकडच्या कुणाचंही बोलणं मी सरळ घेत नाही. "बाई, यंदा आमची टीम काही खास नाही," असं कुणी म्हटलं की मी समजते, काहीतरी शिजतंय.

सलग तीन वर्षं आम्ही हरलो होतो. पन्नाशीला आले तरी हरल्यावर दोन दिवस मला जेवण जात नाही. घरी मी पित्ताचं कारण सांगते.

सामन्याचा एक जुना नियम आहे. खेळाडू गावचाच हवा, जावई मात्र चालतो. हरकत घ्यायची तर खेळ सुरू होण्याआधी. ती खरी निघाली तर तो माणूस बाहेर, खोटी निघाली तर समोरच्यांना एक गोल फुकट. पूर्वी हरकतींतच दिवस मावळायचा, म्हणून जाणत्यांनी हे ठरवून टाकलं.

गेल्या वर्षी सामन्याच्या दोन दिवस आधी आमचा कॅप्टन, म्हणजे माझ्या दिराचा मुलगा, दुकानात येऊन बसला.

"काकू, त्यांनी एक उंचपुरा गडी आणला. तलावाच्या पाळीवर पळून राहिला. नवे बूट हायेत."

"कोण आहे?"

"जावई म्हणतेत. गोंदियाचा."

त्यानं सासरचं घर सांगितलं आणि मी मशीन थांबवली. त्या घरातून वर्षभरात लग्नाचा एकही ब्लाउज माझ्याकडे आला नव्हता. पलीकडे लग्न आणि नवरीची आई, काकू, मामी, कुणीच माप द्यायला आलं नाही, असं मी दुकान टाकल्यापासून घडलेलं नाही.

"लग्न झालंच नाही," मी म्हटलं. "भाड्याचा आहे. हरकत घे."

"पक्कं ना? गोल जाईन, काकू."

"पक्कं."

पंच होते तिसऱ्या गावचे निवृत्त गुरुजी. त्यांनी पुरावा मागितला तेव्हा कॅप्टननं माझ्याकडे बोट दाखवलं. मी पुढे होऊन ब्लाउजचं सांगितलं. पलीकडच्या बायका हसायला लागल्या. त्यांतली एक मुलगी मोबाइल घेऊन आली. फोटोत ती स्वतः पांढऱ्या साडीत, शेजारी तो गडी, मागे बुद्धमूर्ती. लग्न गोंदियाला झालं होतं.

"अन् ब्लाउज?" मी विचारलंच.

"सगळ्यांचे रेडीमेड घेतले, मावशी. तुमच्याकडं टाकले असते तर लग्न पुढं ढकलावं लागलं असतं."

गुरुजींनी गोल त्यांच्या नावावर लावला. अजून कुणी चेंडूला पाय लावला नव्हता.

पुढे आमची पोरं जीव तोडून खेळली. दोनदा चेंडू गोलच्या बांबूला लागून परत आला. आणि तो जावई? त्याला पळता येत होतं, पण चेंडू पायात आला की काय करायचं ते कळत नव्हतं. धसकटांत तो तीनदा आपटला. मध्यंतरानंतर त्याला उतरवलंच नाही. शेवटपर्यंत एक विरुद्ध शून्य.

सामना संपल्यावर मी त्याला गाठलं. तो बूट काढत बसला होता.

"जावईबापू, तुम्ही कुठं खेळता?"

"कहीं नहीं, काकी. मैं तो दुकान पे बैठता हूँ. ससुरजी बोले, बूट पहनो और तालाब की पाळ पे दौड़ो, सबको दिखना चाहिए. मेरेको क्या, मैं दौड़ा."

सबको. म्हणजे आम्हाला. मी लग्न ब्लाउजांवरून ओळखते हे त्या गावच्या प्रत्येक बाईला माहीत आहे. मी तशीच गुरुजींकडे गेले. ते शिट्टी खिशात ठेवत म्हणाले, "हरकत खेळाआधी, बाई."

परतताना कॅप्टन माझ्या चार पावलं पुढे चालत होता. मी त्याला समजावलं, की हे नुसतं या वर्षाचं नाही. पुढच्या वर्षी ते खरोखरच भाड्याचा माणूस जावई म्हणून उभा करतील, आणि आपल्यातलं कुणी हरकत घ्यायला धजावणार नाही. त्यासाठीच तर त्यांनी केलं हे.

"काकू," तो म्हणाला, "तुमी आता घरी चला."