नापास तांदूळ

तांदूळ संशोधन केंद्रात त्यांना सगळे शितसाहेब म्हणत. शिजलेलं शीत चिमटीत दाबायचं, पट्टीनं मोजायचं आणि नव्या वाणाला दहापैकी गुण द्यायचे, यात त्यांची बारा वर्षं गेली. कुठला वाण चिकट निघायचा, कुठल्याचा गिचका व्हायचा. पण नापास झाला म्हणून चांगला तांदूळ टाकायचा कसा? तो पिशवीत भरून घरी यायचा आणि घरचे मुकाट्यानं खायचे.

अखेर मनासारखा वाण हाती लागला. दाणा लांब, भात मोकळा, दहापैकी साडेनऊ. त्या दिवशी शितसाहेबांनी घरी स्वतः भात लावला, काही न सांगता सगळ्यांना वाढला आणि जीव मुठीत धरून बसले.

"दाणे नुसते ताटभर पळतायत," मुलगी म्हणाली. बायकोनं पाण्याचा पेला पुढं ओढला. बोळक्या तोंडाच्या आईनं घास बराच वेळ घोळवला, मग एक शीत अगदी शितसाहेबांसारखंच चिमटीत दाबून पाहिलं.

"दहापैकी तीन," ती म्हणाली. "याला नापास केलंस ते बरं केलंस."