पारकरकाकींना कोणी पाडलं?

सुमती पारकर यांच्यावर पहिला अन्याय झाला तो गेल्या घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, सकाळी सात वाजता. घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत त्या रोज त्या वेळी म्हाताऱ्या माणसांना तोल सांभाळायला शिकवायच्या. त्या सकाळी हॉलला कुलूप होतं, आणि बाहेर सगळी म्हातारी माणसं घरून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या धरून उभी होती. संध्याकाळी तोच हॉल उघडला, दांडियाच्या सरावासाठी. दुसरा अन्याय काकींच्या घरात झाला. तो प्रेमाने झाला, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही. मी बोलणार आहे, कारण काकींच्या शोकसभेत आमचे चेअरमन शेजारच्याला म्हणाले, "दुसऱ्यांना तोल शिकवायच्या आणि शेवटी स्वतःच पडल्या." शेजारचा हसला. मी मागच्याच रांगेत होते.

तुम्ही काकींना पाहिलेलं नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या लिफ्टसमोर एका पायावर उभ्या होत्या. एक बोट भिंतीला टेकलेलं, दुसऱ्या हातात बोंबलांची पिशवी, चेहरा एकदम शांत. आमच्या मजल्यावरचा कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, "काकी, बगळा झालात की." काकींनी पायही खाली टेकवला नाही. "बगळ्याक मासो तरी गावता. तुका त्या मोबायलात काय गावता रे?" लिफ्ट आली, तशी त्या पाय बदलून आत गेल्या.

औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला त्यांनी उभ्याने नोकरी केली. पायांवर त्यांचा भारी विश्वास. मग निवृत्त झाल्यावर मासळी बाजारात ओल्या फरशीवर घसरल्या आणि मनगट मोडलं. सगळे फरशीला शिव्या देत होते. इस्पितळातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने वेगळंच विचारलं, "काकी, मनगट जुळेल. पण त्याच फरशीवरून बाकीची माणसं चालत गेली, तुम्हीच का पडलात ते बघूया का?" काकी आधी चिडल्या, मग शिकल्या. ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं. फरशीच्या रेघेवर एका पावलाच्या चवड्यापुढे दुसऱ्याची टाच ठेवत चालायचं. खुर्चीतून हात न टेकवता उठायचं, आणि मुख्य म्हणजे धपकन न बसता सावकाश बसायचं. "तोल काय देवान दिलेलो नाय," त्या म्हणायच्या, "रोज कमवचो लागता." त्या मुलीला विचारून, तिला दोनदा सोसायटीत बोलावून, मगच त्यांनी वर्ग सुरू केला.

वर्गातले सगळ्यात घाबरट होते गायकवाड आजोबा. जन्मभर बस कंडक्टर, आणि आता गेटपर्यंत जायचं तर मुलीचा दंड घट्ट धरायचे. काकींनी पहिल्याच दिवशी त्यांना धारेवर धरलं. "गायकवाड, चालत्या बसमध्ये गर्दीत तिकिटं फाडलीत ना? इथे तर जमीन उभी आहे."

"बसला दांडा असायचा, पारकरबाई."

"मग मी काय आहे? धरा खांदा. पण लोंबकळू नका हं, माझी बॉडी जुनी आहे."

येत्या दिवाळीच्या खरेदीला एकट्याने जायचं म्हणून आजोबांनी मान खाली घालून, खुर्चीला धरून, सगळं केलं. दिवाळीच्या आधीच, गणपतीत, ते एकटे खाली येऊन आरतीला उभे राहिले. मी फूटपाथ आणि गटारांची झाकणं यांच्याबद्दल पत्रकं लिहिणारी पोरगी. मला वाटायचं, माणसं पडतात ती रस्त्यामुळे. काकी म्हणाल्या, "रस्ते कर तू नीट, करच. पण तोवर लोकांचे पाय मी बघते."

हॉल बंद का केला? कमिटीचं उत्तर तयार होतं. "व्यायाम करताना उद्या कोणी पडलं तर जबाबदार कोण?" काकी सभेत उभ्या राहिल्या. "आज घरातल्या घरात पडतात, तेव्हा जबाबदार कोण असतं, साहेब?" चेअरमननी पान उलटलं. पुढचा विषय पार्किंगचा होता. लोक लगेच जागे झाले.

हॉल गेला तसा वर्ग मोडला. काकी लिफ्टसमोर एकट्या उभ्या राहायच्या. दिवाळीनंतर त्यांच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं. छोटंसंच. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, यांना रोज चालवा. त्यांचा मुलगा मंदार वाईट माणूस नाही. त्याने नर्सिंग ब्युरोची बाई ठेवली, कठडे असलेला पलंग भाड्याने आणला, बेडपॅन आणलं. "आई, तू फक्त पड. बाकी सगळं आम्ही बघतो."

'पड' या शब्दावर काकी वर्गात नेहमी हसायच्या. "म्हातारपणी लोक दोनच गोष्टी सांगतात. पडू नका, आणि पडून राहा. दोन्ही एकदम कशा करायच्या?"

गायकवाड आजोबा आणि मी भेटायला गेलो, तेव्हा त्या पंधरवडाभर पलंगावरच होत्या. टाके कधीच सुकले होते. आजोबा म्हणाले, "मंदार, जखम बरी आहे ना? मग खुर्चीत तरी बसव त्यांना."

"काका, पडली तर?"

"आणि मी उठलंय नाय तर?" काकी पलंगावरूनच म्हणाल्या.

मंदारने ऐकलं नाही. मी म्हटलं, डॉक्टरांनी चालवायला सांगितलंय. तो म्हणाला, "हो, चालवणार आहोत, जरा ताकद येऊ दे." झोपून ताकद येते असं कोणत्या पुस्तकात लिहिलंय, मी विचारलं. माझा आवाज चढला. त्याने शांतपणे दार उघडून धरलं. "तुझी चळवळ बाहेर कर, आमच्या घरात नको." निघताना काकींनी चादर बाजूला करून स्वतःच्या पोटऱ्या चाचपल्या. "माझे पाय खंय गेले गो, चेडवा?" पाय तिथेच होते, शेवग्याच्या शेंगांसारखे.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ब्युरोची बाई चहा करत होती. काकींना बेडपॅन नको होतं. त्यांनी कठडा खाली केला, उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या पावलाला कोसळल्या. खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा पलंग, मग छातीत कफ. महिन्याच्या आत त्या गेल्या.

तेव्हा चेअरमन साहेब, नीट ऐका. पारकरकाकी तोल शिकल्यापासून ओल्या फरशीवरून, चढावरून, गणपतीच्या गर्दीतून चालत होत्या तोवर पडल्या नाहीत. तुम्ही हॉल बंद केलात, घरच्यांनी पाय बंद केले, आणि तुम्हा दोघांची भीती एकच होती. पडलेल्या माणसाला तुम्ही हसता. पाडणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही, कारण तो रोज औषध वेळेवर देतो आणि उशी सारखी करतो.

आता तुम्ही, जे हे वाचताय. तुमच्या घरात एखादं म्हातारं माणूस पलंगावर असेल, आणि डॉक्टरांनी उठू नका असं सांगितलेलं नसेल, तर ते तिथे कोणाच्या सोयीसाठी आहे हे स्वतःला विचारा. फिजिओथेरपिस्टला बोलवा. ते येईपर्यंत पलंगाजवळ हात असलेली भक्कम खुर्ची ठेवा, वाटेतली सतरंजी काढा, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा. सोसायटीच्या हॉलची किल्ली कोणाकडे आहे ते शोधा आणि सकाळचा एक तास मागून घ्या, भांडून घ्या. पण ते सगळं नंतर. आधी हा कागद खाली ठेवा, आतल्या खोलीत जा, आणि त्यांना विचारा, "कुठे जायचंय तुम्हाला?" मग तिथवर त्यांच्याबरोबर चाला.