मामेसासऱ्यांचं दगडफूल

दगडावर प्रेम करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी तो दगड फोडून चाळी बांधल्या आणि खोल्या भाड्यानं दिल्या. पण दगडावरच्या डागावर जीव टाकणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी गोत्र सांगितलं, देवक सांगितलं, मुलीला उजव्या पायाला लहानपणी भाजल्याचंही प्रामाणिकपणे सांगितलं. मामांबद्दल मात्र ‘ते शास्त्र शिकवतात’ एवढंच सांगून सगळे पानाच्या तबकाकडे वळले. तिथंच मला संशय यायला हवा होता.

लग्नानंतर आम्ही ठाण्याहून डोंबिवलीला त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो. नव्या जावयाला शोभेल असा कोट, टोपी, करकरणाऱ्या वहाणा असा मी दारात उभा. मामा बाहेर आले, माझ्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघितलं आणि कळवळून म्हणाले, “जावईबापू, जरा बाजूला व्हा. तुम्ही एका कुटुंबावर उभे आहात.” मी दचकून उडी मारली. खाली पायरीचा काळा दगड आणि त्याच्यावर राखाडी रंगाची, वाळलेल्या पिठल्यासारखी दिसणारी एक खपली होती. मामांनी गळ्यातल्या जानव्याला बांधलेलं भिंग ओढून काढलं (त्यांच्या जानव्याचा मला आढळलेला हा एकमेव उपयोग), उकिडवे बसले आणि जखमी कोणी आहे का, हे तपासू लागले. जावयाच्या पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन आलेल्या मामी तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून, या घरी येणारी मंडळी नेहमी अशीच बाहेर ताटकळत असावीत, असं दिसलं.

त्या खपलीला मामा लायकेन म्हणत. कोणी ‘शेवाळ’ म्हटलं, तर कुणी त्यांच्या आईला नावं ठेवल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. लायकेन म्हणजे शेवाळ नव्हे, बुरशीही नव्हे, तर बुरशीनं आणि शेवाळानं मिळून दगडावर मांडलेलं बिऱ्हाड, असं ते सांगत. बुरशी दगडाला धरून बसते, ओलावा साठवते, उन्हापासून आडोसा देते. आत शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं आणि दोघं खातात. हे त्यांनी जेवताना, माझ्या पानातली आमटी निवून तिच्यावर साय धरेपर्यंत सांगितलं. मग मामींनी वाढता वाढता विचारलं, “स्वयंपाक कोण करतं म्हणालात?”

“शेवाळ.”

“आणि पुस्तकात नाव कोणाचं लागतं?”

“वर्गीकरण बुरशीवरून होतं. त्यामुळे नाव बुरशीचं.”

“मग यात नवीन काय सांगितलंत?” असं म्हणून मामी भात आणायला आत गेल्या. मामा बराच वेळ आमटीत बघत राहिले. अर्थात आमटीत बघायला त्यांना वेगळं कारण लागत नसे. गोड्या मसाल्यात जे दगडफूल पडतं तेही लायकेनच, हा शोध लागल्यापासून आमटी त्यांच्या दृष्टीनं पदार्थ राहिली नव्हती, ती अपघातस्थळ झाली होती. मामी मसाला भाजायला घेत तेव्हा मामा शेजारी पाट टाकून बसत आणि दगडफुलाच्या पुडीतले चांगले चांगले तुकडे जात ओळखून बाजूला काढून ठेवत. त्या घरचा गोडा मसाला कायम थोडा मुका लागायचा, त्याचं कारण हे.

जात ओळखायची त्यांची रीतही घराला झेपणारी नव्हती. लायकेनवर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा थेंब टाकायचा. कुठल्या जातीत आतल्या आम्लामुळे तांबडा रंग उमटतो, कुठल्या जातीत काहीच होत नाही. लायकेनमध्ये काय व्हायचं ते होवो, मामींच्या निदान तीन लुगड्यांत मात्र पांढरे ठिपके उमटलेले मी पाहिले आहेत. त्यावर मामांचं म्हणणं, “कापसात ते आम्ल नसतं, म्हणून तांबडं झालं नाही.” हे त्यांनी समजूत घालण्याच्या स्वरात सांगितलं होतं.

दगडावरच्या लायकेनचे ते तीन वर्ग करत. दगडाला अशी चिकटून बसलेली की दगड फोडल्याशिवाय निघणार नाही, ती खपलीवजा. एक कड सुटलेली, नखानं उचलता येईल अशी, ती पानवजा. आणि एका टोकाला धरून बाकी सगळी वाऱ्यावर डोलणारी, ती झुडूपवजा. इथवर ठीक होतं. पण निसर्गात एकदा व्यवस्था सापडली की माणसाला ती नातेवाइकांना लावल्याशिवाय राहवत नाही. गणपतीला येऊन दिवाळी करून जाणाऱ्या आत्याबाई खपलीवजा. मुंबईला कापडाच्या दुकानात नोकरी करणारा आणि दर भेटीत वेगळ्या धंद्याच्या गोष्टी सांगणारा पुतण्या झुडूपवजा. माझं काय, असं मी एकदा हौसेनं विचारलं. मामा माझ्याकडे भिंगातून पाहून म्हणाले, “पानवजा. बसलात तरी एक कड सुटलेली असते. गाडीची वेळ बघत असता.” मी तेव्हा नेमका घड्याळाकडे बघत होतो.

एका रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना खडवलीला सहलीला नेलं. नदी आहे, सावली आहे, दशम्या आणि चटणी आहे, म्हणून बायकामुलं खुशीत होती. मामांनी नदीकडे पाठ केली आणि काठावरच्या एका तापलेल्या कातळावर पालथे पडून ते भिंगातून बघू लागले. जेवायची वेळ झाली तरी उठेनात. तेवढ्यात गुरं पाण्यावर आणणाऱ्या गावकऱ्यानं, म्हातारा उन्हानं पडला अशा समजुतीनं, धावत जाऊन त्यांच्या डोक्यावर घमेलंभर पाणी ओतलं. मामा उठून बसले. त्या सज्जनाला वाटलं आपण एक जीव वाचवला. मामांनी नाक निथळत असताना त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, “बघा, बघा! पाणी पडताच कसं हिरवं झालं!” तो गृहस्थ गुरं तशीच टाकून निघून गेला.

पण मामांचा खरा जीव होता तो घरामागच्या कातळात. मामा राहात ते घर एका स्थानिक शेतकऱ्याच्या जागेत होतं. त्याची भातशेती होती. पण फाळणीनंतर कल्याणकडे माणसं लोटली, डोंबिवलीला बिऱ्हाडं वाढू लागली आणि भातापेक्षा भाडेकरू चांगले उगवतात हे त्याच्या ध्यानात आलं. माणूस रोखठोक, मनानं वाईट नव्हता. घरामागे पुरुषभर उंचीचा काळा कातळ होता आणि त्याच्या उत्तरेच्या अंगाला परातीएवढं, राखाडी-हिरवं, कडेनं महिरप असलेलं एक गोल लायकेन होतं. मामांच्या मते, शिवाजीमहाराजांचे घोडे कल्याणात आले तेव्हा ते टिकलीएवढं असावं. वर्षाला ते तांदळाच्या कणीइतकं वाढे. दर दिवाळीला मामा दोरा लावून माप घेत आणि आम्हाला सांगत, “वाढलंय.” दुसऱ्यांच्या घरी मुलगा मॅट्रिक झाला की पेढे वाटत, मामा कणीवर वाटत.

आणि एक दिवस मालकानं सांगितलं, की कातळ फोडून तिथं नवी चाळ बांधायची आहे. मामा त्याच्याकडे गेले. लायकेनचं वय सांगितलं, वर्ग सांगितला, बुरशी आणि शेवाळाचा संसार सांगितला. मालकानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मास्तर, तुमचा डाग मना भारा देल काय?” आता भाडं द्यायची लायकेनची ऐपत नव्हती. मामा परत आले आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही जेवले नाहीत. शाळेत जाऊन आले, कातळाजवळ खुर्ची टाकून बसले. मला निरोप आला म्हणून मी गेलो तेव्हा मामी म्हणाल्या, “माझं बाळंतपण अडलं होतं ना, तेव्हासुद्धा हे दोन्ही वेळा जेवले होते.” हे त्या चिडून म्हणाल्या असं मला वाटलं. पण त्यांचे डोळे लाल होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुरुंगवाले आले. मामा कोट घालून कातळापुढे उभे राहिले आणि त्यांनी व्याख्यान सुरू केलं. सुरुंगवाल्यांना रोजाची मजुरी होती, त्यामुळे त्यांनी बिड्या पेटवल्या आणि ते आवडीनं ऐकू लागले. एकानं तर शंकाही विचारली. तेवढ्यात मालक आला, त्याच्यामागे त्याची म्हातारी आई आली, आजूबाजूचे लोक जमले. मालक म्हणाला, “मास्तर, बाजूला व्हा. उगाच लागल तुमाला.” मामा हलले नाहीत. त्यांनी व्याख्यान पुढे चालू केलं.

अशा वेळी मागच्या दारानं मामी आल्या. न्हालेल्या, केस ओले, हातात तबक. कोणाशी एक अक्षर न बोलता त्या कातळाशी गेल्या, लायकेनपासून बरोबर हातभर खाली हळदकुंकू वाहिलं, जास्वंदीचं फूल ठेवलं, सुपारी ठेवली, पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला आणि कातळाला प्रदक्षिणा घालू लागल्या.

मालकाची आई पुढे झाली. तिनं त्या गोल, महिरपीच्या डागाकडे निरखून पाहिलं आणि गालावर हात मारून घेतले. “अरं, देव हाय यो! देवाला सुरुंग लावतंस?”

मालक गोंधळला. “मास्तर, देव हाय त आदी सांगाचा ना!”

मामांनी तोंड उघडलं. तीस वर्षं शास्त्र शिकवलेला माणूस. वर्गात एका मुलानं देवीच्या कोपानं देवी येतात असं लिहिलं म्हणून त्याला पुन्हा पेपर लिहायला लावणारा. “हा देव नाही, हे—” एवढं त्यांच्या ओठांवर आलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. मामी प्रदक्षिणा थांबवून म्हणाल्या, “तुम्ही गप्प बसा.” आणि मामा गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक चुकीचं विधान दुरुस्त न करता जाऊ दिलं. सुरुंगवाले नमस्कार करून गेले. चाळ पलीकडच्या अंगाला बांधायचं ठरलं. मामा घरात येऊन चार घास जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

शास्त्राशी केलेल्या या दगाबाजीची शिक्षा मात्र लगेच सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी एक बाई शेंदूर आणि तेलाची वाटी घेऊन हजर. तेलानं लायकेन गुदमरून मेलं असतं. मामा ओरडत धावले, “हात लावायचा नाही! तेल नाही, शेंदूर नाही! नारळ फोडायचा तो त्या पलीकडच्या दगडावर!” बाईनं घाबरून लांबूनच दंडवत घातला आणि देव फार कडक आहे अशी बातमी शहाडपर्यंत नेली. लोक वाढले. मामा सुट्टीच्या दिवशी सकाळपासून खुर्ची टाकून राखण करत. देव न मानणारा, सोवळं न पाळणारा माणूस सबंध डोंबिवलीत सगळ्यांत कर्मठ पुजारी म्हणून गाजला. एकानं विचारलं, “मास्तर, नवसाला किती दिवसांत पावतो?” मामा प्रामाणिकपणे म्हणाले, “या देवाकडे घाई चालत नाही. शंभर वर्षांत काही फरक पडला तर पडेल.” तो मनुष्य भारावून गेला. म्हणाला, इतकं खरं बोलणारा पुजारी त्यानं पाहिला नव्हता.

पुढे मामा निवृत्त झाले. मोतीबिंदू वाढले, एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्याचं करायला ते तयार होईनात. लोकांनाही जवळचे, लवकर पावणारे देव सापडले. कातळाकडे कोणी फिरकेनासं झालं. माप घ्यायचं काम आता मामींकडे आलं, आणि मामांना दिवाळीपर्यंत धीर निघत नसे, म्हणून ते त्यांना दर रविवारी पाठवू लागले. मामी दोरा घेऊन जात, परत येत आणि सांगत, “वाढलंय हो.”

एका रविवारी मी गेलो होतो. मामी दोरा घेऊन निघाल्या तसा मीही मागोमाग गेलो. आसपास कारखाने उभे राहिले होते, गिरण्यांची धुराडी होती, हवेला कोळशाचा वास होता. कातळावरचं ते परातीएवढं वर्तुळ पांढरंफटक पडलं होतं. मधला भाग केव्हाच गळून गेला होता आणि राहिलेल्या कडा बोट लावताच भुगा होऊन पडत होत्या. मामी दोरा काढतही नव्हत्या. जरा वेळ त्या कातळाला टेकून उभ्या राहिल्या.

“मागच्या वर्षीच गेलं,” त्या म्हणाल्या. “त्यांना सांगू नका.”

त्या विहिरीवर पाय धुवायला थांबल्या, म्हणून मी एकटाच घरात आलो. मामा खाटेवर बसले होते. माझ्या पावलांचा कानोसा घेऊन त्यांनी हळू आवाजात विचारलं, “ती आहे का तुमच्याबरोबर?”

“नाही, विहिरीवर आहेत.”

“जावईबापू,” मामा म्हणाले, “कोळशाच्या धुरात लायकेन टिकत नाही. कितीही मोठं असलं तरी मरतं. हे मी सातवीच्या मुलांना शिकवत होतो.” मग म्हणाले, “तिला काही बोलू नका. तिला वाटतं मला कळत नाही.”

तेवढ्यात मामी पदराला हात पुसत आत आल्या. “वाढलंय हो,” त्या म्हणाल्या.

“किती?”

“कणीभर.”

“वाटलंच मला,” मामा म्हणाले, आणि मामींना बसता यावं म्हणून खाटेवर जरा सरकले.