न गंजणारा बोल्ट

लेकीच्या नेमबाजीच्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा सरकता दांडा, स्टेनलेसचा. तो कशाला गंजतोय, म्हणून मी तो जेवणाच्या ताटासारखा कोरडा, लख्ख पुसला आणि ऐन स्पर्धेआधी तो अडकून बसला. लेकीचे डोळे भरले.

शेजारी कागलचे एक गृहस्थ होते. त्यांची मुलगीही त्याच स्पर्धेत. त्यांनी हळूहळू हलवत बोल्ट बाहेर काढला, अंगठा फिरवला आणि खिशातल्या कुपीतलं तेल लावलं. बोल्ट अलगद सरकला.

“आमचा काळा बोल्ट साध्या स्टीलचा हाय, पावणं. गंजतोय म्हणून रोज तेल मिळतंय त्याला. तुमचा गंजत न्हाय, म्हणून त्याच्याकडं कोण बघंना.”

त्यांची मुलगी पहिली आली, आमची दुसरी. घरी मी सगळं रंगवून सांगितलं. चहा गाळता गाळता बायको म्हणाली, “बरोबर आहे की त्यांचं. मीही गंजत नाही.”