भिंतीवरची भारतीय बाई

जपानातल्या निशी-कसाई भागात आमच्या इमारतीशेजारच्या भिंतीला भूकंपात तडे गेले होते. ती नव्याने बांधल्यावर तिच्यावर चित्र काढायचं वस्तीच्या मंडळाने ठरवलं. त्यासाठी कॅलिफोर्नियाहून एक चित्रकार आली. आजी-आजोबा जपानी, ही जन्माने अमेरिकन. तिकडे रस्त्यांवरच्या भिंती रंगवायची.

चित्राचा नमुना सूचनांच्या फळीवर लावून घरोघर फिरला. इथली पद्धत अशी, की वाचायचं, आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि फळी शेजारी द्यायची. नमुन्यात जपानी आजोबा होते, शाळकरी मुलं होती आणि आम्हा भारतीयांतर्फे लाल शालू नेसून हात जोडलेली एक बाई. मला ती पटली नाही. मी शिक्का न मारता फळी चपलांच्या कपाटावर ठेवून दिली. पुण्याच्या सोसायटीत सही न करणं म्हणजे विरोध. इथेही तसंच असणार, असं मी धरून चालले.

आठव्या दिवशी चित्रकार दारात उभी. इंग्रजीत म्हणाली, "फळी तुमच्याकडे अडकलीय. ती फिरून आल्याशिवाय काम सुरू होत नाही, आणि दोन आठवड्यांनी माझं विमान आहे."

"मला चित्र मान्य नाही."

"शिक्का म्हणजे फक्त 'वाचलं'. मलाही कालच कळलं. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, चेहरा जपानी आणि एवढंही माहीत नाही?"

मी ओशाळले, पण मुद्दा सोडला नाही. "ही बाई कोण? मी साडी गणपतीत नेसते. एरवी जीन्स घालून सायकलवरून मुलीला शाळेत सोडते, कांदे आणते."

तिने फळीवरच्या बाईकडे पाहिलं. "आमच्या गावात भिंतीवर जपानी बाई होती. किमोनो, हातात पंखा. माझी आजी ट्रक चालवायची. ती भिंत बघून चिडले, म्हणून मी हे काम धरलं."

"मग इथे काय झालं?"

"कागद आहे का?"

तिने ओट्यापाशी उभ्यानेच नवी बाई काढली. सायकल, मागे माझी मुलगी, हँडलला पिशवी. मी शिक्का मारला आणि नव्या नमुन्यासह फळी समोरच्या घरी दिली.

तिथल्या नागपूरच्या वहिनी वैतागल्या. "अहो, आपण काय अशा दिसतो?"

"अगदी अशाच."

"निदान ओढणी तरी द्यायची!" म्हणत त्यांनीही शिक्का मारला.

अध्यक्ष आजोबा मला 'ओकुसान', म्हणजे बाईसाहेब म्हणत. त्यांची हरकत एकच होती. "ओकुसान, हँडलला पिशवी धोक्याची." चित्रातली पिशवी सायकलच्या टोपलीत गेली.

विमानाच्या आदल्या दिवशी भिंत पुरी झाली. मुलीने निरखून पाहिलं आणि जपानीत जाहीर केलं, की आई एवढी बारीक नाहीये.

तेवढं मात्र मी दुरुस्त करू दिलं नाही.