एक्सपोर्ट केल्यावर आलेलं नाव

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी चहा पिता पिता वाचायचे आणि हसायचे. माझं वाचून कोणी हसलं तर हसा... फक्त शेवटपर्यंत वाचा.

आम्ही म्हैसूरचे मराठी. मूळ धंदा कापड रंगवायचा, घर मंडी मोहल्ल्यात. आता रंगाला कोणी हात लावत नाही, वडिलांचं स्टेशनरीचं दुकान आहे. माझ्या मावशीची मुलगी विनया पीएचडी करत होती. पिरियापट्टणला तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या बायकांना ओली पानं हाताळून चक्कर-उलट्या होतात, त्यावर. बसने जाऊन-येऊन, दारोदार बसून तिने माहिती गोळा केली. मग डेंग्यूचं निमित्त झालं आणि ती गेली.

तेराव्यानंतर तिचे गाइड घरी आले. तिचं काम वाया जाऊ देणार नाही, तिच्या नावाने छापून आणतो, असं मावशीला म्हणाले. मावशीने डोळे पुसत पेन ड्राइव्ह काढून दिला. पुढे पेपर छापून आला – लेखक एकच, सर. विनया आभारातसुद्धा नाही.

तुम्ही विचाराल, मग तू त्याच माणसाकडे पीएचडीला का गेलीस? कारण गावात या विषयाचा दुसरा गाइड नव्हता आणि गाव सोडायची माझी ऐपत नव्हती. झालं समाधान?

सरांचा एक नियम होता. त्यांच्या हाताखालच्या प्रत्येकाच्या थिसीसमध्ये त्यांचे सगळे पेपर संदर्भ म्हणून आलेच पाहिजेत. न वाचता का होईना. आम्ही सगळे तेच करायचो: पेपर्सच्या साइटवर सरांचं नाव शोधायचं, आलेल्या सगळ्या पेपर्सवर टिक करायची, एक्सपोर्ट दाबायचं, आणि उतरलेली फाइल संदर्भांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची. मग थिसीसच्या शेवटची यादी ते आपोआप बनवतं.

भर दुपारी, डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरवर, शेजारी दोघे डबा खात बसलेले असताना मी ते केलं. सगळे पेपर नीट आले. फक्त त्या एका पेपरपुढे लेखक म्हणून विनयाचं नाव होतं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

आता कोणी म्हणेल सिंक झालं असेल, तिचं जुनं अकाउंट असेल. बाबांनो, सगळं करून बघितलंय. साइटवर सरांचं नाव. उतरलेली फाइल उघडून बघितली, तिच्यातही सरांचंच. सॉफ्टवेअरमध्ये गेलं की विनया. शेजारच्या मुलाने त्याच्या लॅपटॉपवर केलं तर बरोबर आलं. मी खोडून सरांचं नाव टाइप केलं, सेव्ह केलं. यादी प्रिंट केली – पुन्हा विनया. खरं सांगते, मला भीती वाटली नाही, राग आला. तिचाच. सबमिशन तोंडावर आलेलं, सरांची सही बाकी, आणि ही मध्ये उभी.

तशीच प्रत सरांनी मागवून घेतली. केबिनमध्ये बोलावून त्या ओळीवर बोट ठेवलं.

"इदेनम्मा? नीने माड्द्या?" हे काय, तूच केलंस ना?

मी नाही म्हटलं. ते कसले ऐकतात. स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या अकाउंटवरून त्यांनी तोच पेपर शोधला, टिक केली, एक्सपोर्ट केला, सॉफ्टवेअरमध्ये घेतला. मी टेबलाच्या अलीकडे उभी होते, माझा हात कशाला लागला नव्हता. त्यांच्या स्क्रीनवर विनयाचं नाव आलं. त्यांनी परत केलं. परत आलं. मग हळूच लॅपटॉप मिटला आणि मला म्हणाले, "यू कॅन गो."

त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. तरी विद्यापीठाच्या कमिटीपुढे त्यांनी सांगितलं की मी बहिणीच्या प्रेमापोटी संदर्भ मुद्दाम बिघडवले. सही मिळाली नाही. फाइल अजून तिथेच पडून आहे. आणि मजा म्हणजे त्या दिवसानंतर तो पेपर कुठूनही एक्सपोर्ट करा, सरांचंच नाव येतं. छापलेलं पान तर मीच बिघडवलं म्हणणार; दाखवायला माझ्याकडे दुसरं काही उरलं नाही. मी आता गोकुलममध्ये योगा शिकायला आलेल्या परदेशी लोकांच्या खोल्यांचं बुकिंग बघते.

परवा मावशीकडे गेले होते. आईने बिघडलेल्या यादीचं ते पान तिला कधीतरी नेऊन दिलं होतं. मावशीने लॅमिनेट करून घेतलंय. इंग्रजी तिला येत नाही, पण विनयाचं नाव कुठे आहे ते बरोबर दाखवते. माझा हात धरून आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली, "पुट्टी, सख्खी बहीण असती तरी एवढं केली नसती. तुझं सगळं गेलं, अल्वा, हो ना? तरी तू नाव काढली नाहीस."

मी काढत होते, मावशी. काढून, वर सरांचं टाइप करत होते. हे तोंडातून बाहेर पडलं नाही. तिने वाढलेलं जेवले आणि निघाले.

कोणी केलं, कसं झालं, मला आजही माहीत नाही. मी केलं नाही, एवढंच माहीत आहे.